गाडीच्या पत्र्याचं बारीक काम: स्वस्तातला मिनी ग्राइंडर कसा निवडायचा

विदर्भातल्या खेड्यात चाललेली गाडी कुठे गंजते हे पाहायचं असेल तर बोनेट उघडू नका, खाली बसा. चाकावरच्या कमानीचा आत वळवलेला काठ, दाराच्या तळाची शिवण, पायदानाखालची घडी, डिकीच्या रबराखालची खोबण. आपली काळी माती या फटींमध्ये एकदा बसली की पावसाळाभर हलत नाही. वरून वाळलेली दिसते, आत मात्र ओल धरून असते. त्यात ओम्नीत किंवा बोलेरोत खताची पोती वाहिली असतील तर बोलायलाच नको. पोटॅशच्या खतात क्लोराइड असतं, युरिया हवेतली ओल ओढून घेतो. सांडलेले दाणे मॅटखाली गेले की फ्लोअरचा पत्रा खालून नाही, वरून खाल्ला जातो.

अशा फटींमध्ये डेंटरचा चार इंची ग्राइंडर शिरत नाही, आणि शिरलाच तर गंजासोबत चांगला पत्राही घेऊन जातो. तिथे कामाची ती बोटात धरायची, बारीक बिट (घासायची-कापायची बदलती टोकं) लावायची छोटी मशीन. दुकानात तिला कोणी मिनी ग्राइंडर म्हणतं, कोणी डाय ग्राइंडर, तर कोणी सरळ ड्रेमेल. ती पहिल्यांदाच घेणाऱ्यासाठी हे लिहितो आहे. गाडी जुनी आहे, खिशात दोन-तीन हजार आहेत, आणि नाण्याएवढ्या गंजासाठी नागपूर-अमरावतीच्या चकरा मारायच्या नाहीत, असा माणूस डोळ्यांसमोर आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच बेतलेलं आहे. डब्यावर वेगाचे दोन आकडे असतात. सगळे मोठा आकडा बघून मशीन घेतात. तुम्ही लहान आकडा बघा.

आधी गाडी बघा, मग दुकान

गाडी धुवा. नुसतं पाणी मारून नाही. चाकांच्या कमानीत हात घालून माती काढा, दारांच्या तळाला पाणी निघून जाण्याची छोटी भोकं असतात ती तारेने मोकळी करा. गाडी सुकली की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने गंजलेल्या जागी टकटक करा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला पत्रा भद्द आवाज देतो. शंका वाटली तर टोक हलकं दाबून बघा. टोक आत गेलं तर ते काम या मशीनचं नाही, वेल्डिंगचं आहे.

कारच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. एवढ्याशा जाडीतून गंज काढायचा आहे, म्हणजे हातात फारसं काही शिल्लक नाही. ही मशीन कुठे चालते ते नीट समजून घ्या: नाण्याएवढे गंजाचे ठिपके, खडा लागून उडालेल्या रंगाखालची सुरुवातीची जंग, शिवणीतलं वाळून तडकलेलं जुनं सीलर, मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकचे गंजून डोकं घासलेले स्क्रू, बंपरची चीर, भोकाचा खरबरीत काठ. जागा तळहातापेक्षा मोठी असेल तर चार इंची ग्राइंडर आणि वायरचा कप ब्रश भाड्याने आणा, अर्ध्या वेळात काम होईल.

सपाट दार या मशीनने घासू नका. बिटचं तोंड बोटाच्या टोकाएवढं. त्याने सपाट पत्र्यावर खळगे पडतात आणि रंग मारल्यावर उन्हात ते एकेक मोजता येतात. डेंट काढणं आणि रंगाला पॉलिश करणं ही कामंही तिची नाहीत. किटमध्ये पॉलिशसाठी फेल्टच्या टिकल्या असतात, पण त्या दागिन्यांसाठी. गाडीच्या क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) टेकवल्या की डोळ्यांदेखत रंग जळतो.

आणि चॅसिस, सीटबेल्टच्या नटाची जागा, सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग, दारांखालचा जाड पेटीसारखा पत्रा इथला गंज घासून, लांबी (खळगे भरायची पुट्टी) भरून, रंग मारून लपवू नका. अपघातात गाडीचा भार तिथेच येतो. ते काम जाणत्या वेल्डरचंच.

बाजारात काय काय मिळतं

सगळ्यात स्वस्त म्हणजे मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारी पेनासारखी मशीन. ती नखांसाठी, लाकडावर नाव कोरण्यासाठी ठीक. पत्र्यावर टेकवली की थांबते. विषय संपला.

त्यानंतर येतात 130 ते 180 वॅटच्या वायरवाल्या किट. बिनानावाच्या किंवा कधी न ऐकलेल्या नावाच्या, साधारण हजार ते दोन हजारांत, प्लास्टिकच्या पेटीत शंभर-दोनशे नगांसकट. आपल्यासारख्याचं बहुतेक काम यातल्याच एखाद्या बऱ्या मशीनवर भागतं. मात्र एकाच नावाच्या दोन पेट्यांत मशीन वेगवेगळ्या दर्जाची निघते, म्हणून तपासून घेणं आलं. त्याबद्दल पुढे.

नावाजलेल्या कंपनीची मशीन याच्या तिप्पट-चौपट पडते. ड्रेमेल ही मूळची अमेरिकेतली, 1932 साली सुरू झालेली कंपनी; 1993 पासून ती बॉशच्या मालकीची आहे. तिची 3000 नंबरची मशीन 130 वॅटची, मिनिटाला 10,000 ते 33,000 फेरे घेणारी. 4000 नंबरची 175 वॅटची, 5,000 ते 35,000 फेऱ्यांची. हे दोन मॉडेल शेजारी ठेवून बघा. वरच्या वेगात नावापुरता फरक, पण खालचा वेग थेट अर्ध्यावर. जास्तीचे पैसे मुख्यतः त्या खालच्या आकड्यासाठी आणि कमी वेगात दम न सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी जातात. एकच गाडी असेल तर माझ्या मते ही उडी मारायची गरज नाही. भावकीतल्या चार गाड्या तुमच्याच अंगणात येत असतील तर मारा.

हार्डवेअरवाला कधी कधी लांब नाकाचा सरळ डाय ग्राइंडर दाखवतो, सहा मिलिमीटरच्या दांड्याचे बिट घेणारा. उदाहरणार्थ, मकिताचा जीडी 0600 हा 400 वॅटचा आहे आणि एकाच वेगाने फिरतो, मिनिटाला 25,000. मशीन दणकट, पण ती साच्यांच्या आणि वेल्डिंगच्या कामाची. नवशिक्याच्या हातात पाऊण मिलिमीटर पत्र्यावर ती आली की गंज जाईपर्यंत भोक पडलेलं असतं. हवेवर चालणारा ग्राइंडर हलका आणि स्वस्त असतो, पण तो सतत हवा ओढतो. पंक्चरच्या दुकानातला छोटा कॉम्प्रेसर त्याला पुरत नाही.

बॅटरीवरची मशीन आपल्याकडे मोहात पाडते, कारण लाइटचा भरवसा नाही. बारा व्होल्टची चांगल्या कंपनीची असेल तर ती खरंच कामाची आहे. स्वस्तातली मात्र दोन उन्हाळ्यांत बॅटरी टाकते आणि मग तशीच बॅटरी कुठे मिळत नाही. वायरवाली घ्या आणि लाइट असेल तेव्हा काम करा, हा माझा सल्ला.

एक पर्याय दुकानदार सांगणार नाही. सोनारांकडे खुंटीला टांगलेली मोटर असते, तिला लवचिक शाफ्ट आणि पेनाएवढी मूठ, वेग पायाच्या पेडलवर. हात थकत नाही, मोटरचं वजन खुंटीवर, वेग अगदी हळूपासून सुरू. तालुक्याच्या गावी ओळखीच्या सोनाराकडे बघून या. त्याची जुनी मोटर बदलायची असेल तर ती दीडशे वॅटच्या नव्या किटपेक्षा शिवणीतल्या कामाला सरस ठरते. अडचण एवढीच की ती टांगावी लागते, त्यामुळे गाडी मोटरपाशी आणावी लागते.

लहान आकडा का

दुकानातला संवाद साधारण असा होतो:

"पस्तीस हजार आरपीएम आहे भाऊ, दोनशे पीस येतेत याच्यात. अजून काय पायजे?"

"ते बराबर आहे, पण सर्वात हळू किती फिरते?"

"हळू कायले पायजे तुमाले?"

हळू कशाला, ते सांगतो. या मशीनला लागणारे बारीक वायर ब्रश जास्तीत जास्त 15,000 फेऱ्यांसाठी बनवलेले असतात; ड्रेमेल आपल्या ब्रशांसाठी हीच मर्यादा देते. त्यापुढे ब्रशच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात, अंगरख्यात रुततात, डोळ्यांत जातात. आता ज्या मशीनचा सगळ्यात कमी वेगच 15,000 आहे, तिच्यावर गंज काढायचं मुख्य हत्यारच जपून वापरता येत नाही. बंपरचं प्लास्टिक तर जास्त वेगात कापलं जात नाही, वितळतं आणि बिटला गुंडाळून बसतं. पातळ पत्राही जास्त वेगात तापतो. पत्र्यावर निळसर झाक आली की समजा पत्रा भाजला, आता तो वाकडा होणार.

मोठा वेग फक्त दोन कामांना लागतो: कापायच्या टिकलीला आणि बारीक दगडी बिटला. त्याचंही कारण सरळ आहे. घासणं किंवा कापणं होतं ते बिटच्या कडेच्या वेगावर. चार इंची ग्राइंडरची 100 मिलिमीटरची डिस्क मिनिटाला 11,000 फिरली तर तिची कड सेकंदाला सुमारे 58 मीटर धावते. आपली 32 मिलिमीटरची टिकली तेवढी कड गाठायला 30,000 च्या पुढे जावी लागते. म्हणून त्या टिकलीला मोठा वेग. ब्रशला नाही, प्लास्टिकला नाही.

तेव्हा डब्यावर "5,000 पासून" किंवा "8,000 पासून" असं दिसलं तर मशीन हातात घ्या. खालचा आकडा दहा हजारांपर्यंत असला तरी चालवून घेता येईल. नुसतं "35,000" लिहिलं असेल आणि खालचा आकडाच नसेल तर डबा परत द्या. वेगाचं चाक आहे की फक्त चालू-बंदचं बटन, तेही पाहा. चाक नसलेली मशीन पंख्याच्या रेग्युलेटरवर चालवायचा जुगाड काहीजण करतात. तो रेग्युलेटर पंख्याच्या मोटरसाठी, पंख्याएवढ्याच भारासाठी बनलेला असतो. तो तापतो आणि मशीनला जोरही राहत नाही.

कोलेट आणि दांडा

मशीनच्या तोंडाशी, नटाच्या आत बिट पकडणारी जी फाटलेली पितळी किंवा लोखंडी नळी असते ती कोलेट. बहुतेक किटच्या बिटचा दांडा 3.2 मिलिमीटर असतो, काही चिनी बिट नेमके 3 मिलिमीटरचे येतात. 2.4 चा कोलेटही मागून घ्या. सोनारकामाचे आणि दातांच्या डॉक्टरकडचे बर (धातूचे दातेरी बिट) 2.35 मिलिमीटर दांड्याचे असतात, ते यात बसतात. नागपूरच्या इतवारीत सराफ्याच्या आसपास सोनारकामाची हत्यारं मिळतात. तिथला एक चांगला बर किटमधल्या दहा बिटना पुरून उरतो.

किटसोबत छोटं तीन जबड्यांचं चक मिळत असेल तर सोय होते, कोणताही बारीक दांडा धरता येतो. पण जोरात कापायचं असेल तेव्हा कोलेटच वापरा, चक थोडं डोलतं. आणि कोलेट रिकामा असताना नट कधी आवळू नका. फाकलेल्या पाकळ्या दाबल्या जातात आणि मग एकही बिट सरळ बसत नाही.

दुकानात हातात घेतल्यावर

ऑनलाइन घेतली तरी हीच तपासणी घरी, परत करायची मुदत असतानाच करा.

लांब, सरळ दांड्याचा बिट लावा. मशीन बंद ठेवून हाताने गोल फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक हवेत गोल काढत असेल तर कोलेट किंवा शाफ्ट वाकडा आहे. हा दोष घरी सुधारत नाही, आणि वेग वाढला की तोच थरथराट होऊन हातात येतो. पुढचं टोक बोटांनी धरून आडवं हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग सैल.

आता सगळ्यात कमी वेगावर सुरू करा. आवाज एकसारखा हवा, मध्येच खरखर नको. मागच्या जाळीतून मोटरकडे पाहा: बारीक निळसर ठिणग्या चालतात, पण सबंध गोल नारिंगी पेटलेला दिसला तर मशीन ठेवून द्या. मिनिटभर चालवून नाकापाशी हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर तीच मशीन मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत काय करेल त्याचा विचार करा.

बाजूला कार्बन (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) बदलायची दोन झाकणं बाहेरून उघडतात का? हे झाकण नसेल तर कार्बन संपला की मशीन संपली. झाकण असेल तर कार्बनची एक जोडी मशीनसोबतच घ्या, किंवा मोटर रिवाइंडिंगवाल्याला माप दाखवून ठेवा. तो मोठा कार्बन घासून बरोबर बसवून देतो, आपल्याकडे हे कौशल्य गावोगाव आहे.

प्लग दोन पिनांचा असेल तर अंगावर चौकोनात चौकोन असं चिन्ह शोधा. ते दुहेरी इन्सुलेशनचं. चिन्हही नाही आणि अर्थिंगची तिसरी पिनही नाही, अशी मशीन ओल्या अंगणात वापरायची नाही.

वॅट, नगांची संख्या, पेटीचा रंग याकडे मी शेवटी बघतो. दोनशे नगांतले दीडशे कधीच वापरात येत नाहीत.

बिट कोणते लागतात

गाडीसाठी लागणारं सामान मुठीत मावतं. वायर ब्रश तीन: वाटीसारखा, चाकासारखा आणि पेन्सिलसारखा. पेन्सिल ब्रशच शिवणीत जातो, म्हणून तो दोन-चार जास्त घ्या. पॉलिश पेपरचे छोटे ड्रम, 80 आणि 120 नंबरचे. गंजाच्या खळग्यांसाठी टोकदार आणि गोल दगडी बिट. कापायच्या टिकल्या जाळीवाल्या, म्हणजे आत फायबरची वीण दिसणाऱ्याच घ्या. किटमधल्या विटकरी रंगाच्या पातळ टिकल्या जरा तिरक्या झाल्या की फुटतात आणि तुकडे तोंडाकडे येतात. प्लास्टिकसाठी एक दातेरी बर. लोखंडाच्या जाड कामासाठी डबल कटचा कार्बाइड बर आहे, पण पत्र्यावर तो चावतो आणि उडी मारतो. सुरुवातीला त्याला पेटीतच राहू द्या.

यातलं बरंचसं नागपूरला लोहा ओळीत सुटं मिळतं. तालुक्याच्या गावी मिळत नाही, म्हणून एकदा गेलात की हंगामभराचं आणा. चांगल्या टिकलीवर किंवा तिच्या पुडीवर कमाल फेरे छापलेले असतात. छापलेले नसतील तर ती टिकली घेऊ नका.

विजेचं

गावातल्या घरगुती लाइनवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं. या मशीनची मोटर त्यात चालते, पण मंदावते; मग माणूस जास्त दाबतो, मोटर आणखी तापते आणि वास येतो. मंदावली तर दाब कमी करा, वाढवू नका. वावरातल्या पंपाच्या लाइनवरून एक फेज ओढून मशीन चालवणं सरळ सरळ धोक्याचं आहे, तिथे किती व्होल्टेज येईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायची तर तो साइन वेव्हचा हवा. साध्या स्क्वेअर वेव्हवर वेगाचं चाक कधी कधी नीट काम करत नाही, मशीन गुरगुरते आणि तापते.

एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली वायर उन्हात आणखी तापते.

पहिलं काम: चाकाच्या कमानीचा काठ

सुरुवात इथूनच करा, कारण चुकलं तरी समोरून दिसत नाही.

जागा आधी मोकळी करा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात, ओसरीत कापूस भरलेला असतो, शेजारी कुटाराचा ढीग. ठिणगी पाच-सात फूट सहज जाते आणि कापसात पडली की लगेच दिसत नाही, आत धुमसते. गाडी उघड्या अंगणात आणा, बाजूला पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट ठेवा. पेट्रोलच्या नळीपाशी, टाकीपाशी, गॅस किटच्या आसपास ठिणगीचं काम करायचंच नाही. तिथे हाताने वायर ब्रश मारा, वेळ लागेल तेवढा लागू द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काचांवर ओलं गोणपाट टाका; तापलेला कण काचेत रुतून बसतो आणि मग वायपरखाली आयुष्यभर दिसतो.

डोळ्यांवर बाजूने बंद चष्मा, नाकावर घट्ट मास्क. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बाह्या वर. सुती सैल हातमोजे घालू नका, ते बिटमध्ये गुंडाळले जातात.

बिट कोलेटमध्ये पूर्ण घालून मग केसभर मागे घ्या आणि नट आवळा. दांडा जितका कमी बाहेर, तितका बिट स्थिर. नवा वायर ब्रश मिनिटभर हवेत, तोंडापासून लांब धरून फिरवा. सैल तारा तेव्हाच उडून जातात.

आता मशीन पेन्सिलसारखी धरा, दुसऱ्या हाताची करंगळी पत्र्यावर टेकवा. वेग दहा-बारा हजार. ब्रशची टोकं पत्र्याला लागली पाहिजेत, पोट नाही. दाबायचं नाही, मशीनचं वजन पुरे. आधी रंगाचे पापुद्रे सुटतील, मग तपकिरी भुकटी, मग काळपट डाग राहील. नवखा इथे थांबतो आणि प्रायमर मारतो. तो काळपट डाग म्हणजे खळग्यात बसलेला गंजच. पेन्सिल ब्रशने किंवा गोल दगडी बिटने एकेक खळगा उकरा, दोन-तीन सेकंद टेकवा, उचला, पत्र्याला बोट लावून बघा. बोट टेकवता येत नसेल इतकं गरम झालं तर दुसऱ्या खळग्याकडे जा. सगळीकडे चकचकीत करड्या धातूचा रंग दिसला की बस. नव्या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा थर असतो, तो गंजाच्या भोवती उगाच घासून काढू नका.

गंजाच्या कडेला जिथे जुना रंग सुरू होतो, तिथली पायरी मशीनने मोडायची नाही. 80, मग 180, मग 320 नंबरचा पेपर हाताने, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. बोट फिरवून पायरी लागत नाही इथपर्यंत. काठाच्या आत, जिथे पेपर पोचत नाही, तिथे फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंज काढणारं द्रव ब्रशने लावा, डब्यावर लिहिलं तेवढा वेळ ठेवा, पुसा, पूर्ण सुकवा.

मग थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत लाल होतो. लांबी लावायचीच असेल तर ती साध्या रेड ऑक्साइडवर लावू नका, ती धरत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पोपडा निघतो. ती घासलेल्या पत्र्यावर किंवा इपॉक्सीवर लागते. हार्डनर साधारण दोन टक्के, पण मे महिन्यात लांबी पाटीवरच दगड होते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत करा, आणि एका वेळी सुपारीएवढीच लांबी कालवा.

बंपरची चीर

रात्री रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं आलं की बंपर चिरतो. रोही मोठी धडकली असेल तर आधी रेडिएटर आणि आतला लोखंडी बार बघा, बंपर नंतर.

बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची जात छापलेली असते, बहुतेक वेळा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा पीपी आणि ईपीडीएम (एक प्रकारचं रबर). या प्लास्टिकला साधा गोंद किंवा अराल्डाइट धरत नाही. ते गरम करूनच जोडावं लागतं. चीर जिथे संपते तिथे तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळणार नाही. मग दातेरी बर लावून, मशीनच्या सगळ्यात कमी वेगावर, आतल्या बाजूने चिरेवर व्हीच्या आकाराची खाच करा, जाडीच्या निम्म्यापर्यंत. प्लास्टिकच्या तुटक भुश्श्याऐवजी दोरे निघायला लागले तर वेग अजून जास्त आहे किंवा हात एका जागी फार वेळ थांबतो आहे. खाचेत बारीक स्टीलची जाळी सोल्डरिंग आयर्नने वितळवून बसवा, वर त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी. हेच काम बाहेरच्या बाजूनेही केलं की जोड टिकतो. काम मोकळ्या हवेत करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

खालचा वेग पाच हजारांपर्यंत जाणाऱ्या मशीनचे पैसे इथे वसूल होतात.

मशीन टिकवायची तर

दहा मिनिटं काम, पाच मिनिटं थांबा. थांबवण्याआधी वीसेक सेकंद हवेत मोकळी फिरवा, आतली गरमी बाहेर पडते. काम झालं की मागच्या जाळीतली भुकटी ब्रशने झटका. लोखंडाची भुकटी मोटरमध्ये गेली तर कार्बन खाते. कार्बन तीन-चार मिलिमीटरवर आला की दोन्ही एकदम बदला, एकच नाही. बदलल्यावर पाच मिनिटं बिनभाराची चालवा, म्हणजे नवा कार्बन गोलाईवर बसतो.

शाफ्ट अडकवायचं बटन मशीन फिरत असताना कधी दाबू नका. लहान पोरं हेच करतात, आणि आतली पिन तुटते. मशीन पेटीत, पेटी माळ्यावर नको, पत्र्याच्या डब्यात. उंदरांना नवी वायर आवडते. फुटलेल्या टिकल्या आणि ओल लागलेल्या टिकल्या पुन्हा पेटीत ठेवू नका, त्या लगेच फेकून द्या.